सरकारांचं कोपर

आमच्या ऑपरेशन थिएटरात मोठ्या सर्जनना तोंडावर 'सर' म्हणायचं आणि पाठीमागं 'सरकार'. त्यांचा हात चांगला होता, ते नाकारून चालणार नाही. पण चुका ही इतर लोकांनी करायची गोष्ट आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. मी तिथं सिस्टर होते. त्यांच्या हातात हत्यारं देणं आणि ते बोलतील ते ऐकून घेणं, ही दोन्ही कामं माझीच.

त्या दिवशी टेबलावर त्यांच्या बायकोची थोरली बहीण होती, शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. गळ्यातली थायरॉइडची गाठ काढायची होती. भूल देणाऱ्या मॅडमनी बाईंना झोपवलं, तोंडातून श्वासाची नळी घातली, छाती दोन्ही बाजूंनी सारखी हलते ना ते पाहिलं आणि नळी गालाला चिकटपट्टीनं पक्की बसवली. मग आम्ही सगळीकडे हिरवी कापडं टाकली. चेहरा, नळी, सगळं झाकलं गेलं. उघडा राहिला तो फक्त गळा.

सरकारांचं काम सुरू झालं आणि तोंडही. घरात नवी फरशी बसवत होते, गवंड्याला काही म्हणजे काही कळत नाही, असं चाललं होतं. फरशी स्वयंपाकघरापर्यंत आली आणि भुलीचं मशीन ओरडायला लागलं.

"बंद करा ते," सरकार म्हणाले.

मॅडमनी आवाज नाही, मशीन बंद केलं आणि हातानं दाबून श्वास द्यायचा रबरी फुगा घेतला. तो दबेना. घट्ट दगड. त्यांनी नळ्यांचे सगळे जोड चाचपले, मग श्वासाच्या नळीतून एक बारीक नळी आत सरकवून पाहिली. ती थोडी गेली आणि अडली. तिकडे मॉनिटरचा टिकटिक आवाज खाली उतरायला लागला. तो आवाज उतरला की ऑक्सिजन उतरतोय, हे तिथल्या झाडूवाल्या मावशींनाही माहीत होतं.

मॅडमनी कापड वर केलं. बाईंच्या हनुवटीशी, बरोबर नळीवर, सरकारांचं कोपर टेकलेलं.

"सर, कोपर काढा. नळी दबलीय."

"माझं कोपर?" सरकारांनी विचारण्यासाठी हात उचलला. फुगा लगेच मऊ झाला, टिकटिक वर चढली. "हे बघा, काही नव्हतं. मशीन जुनं झालंय तुमचं."

आणि ते पुन्हा फरशीवर आले. थोड्या वेळानं कोपरही जागेवर आलं. मशीन ओरडलं.

"सर, कोपर."

"अहो, माझं कोपर इतकी वर्षं इथंच असतं."

"मग इतकी वर्षं मशीन उगाच ओरडत नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "हात वर करा. दोन्ही. मी सांगेपर्यंत कशालाही हात लावू नका."

सरकारांना असं कुणी सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. ते दोन्ही हात वर करून उभे राहिले, पोलिसांनी पकडल्यासारखे. मी हत्यारांकडे बघत राहिले, नाहीतर मास्कच्या आत हसू मावलं नसतं. मॅडम मात्र फुगा दाबत ऑक्सिजनचा आकडा वर येण्याची वाट बघत होत्या. तो आल्यावरच काम पुढं सरकलं. त्यानंतर कोपर हवेत होतं आणि फरशीचा विषय संपला होता.

दुसऱ्या दिवशी राउंडला सरकार मेव्हणीला म्हणाले, "ताई, मशीननं जरा त्रास दिला. पण मी सांभाळून घेतलं."

बाईंचा घसा बसला होता. त्या कुजबुजल्या, "भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या, नळी दबली होती. कशानं दबली, भाऊजी?"

"असं होतं कधीकधी."

"होतं, की कुणीतरी करतं?"

वर्गभर ऐकू जाणाऱ्या आवाजापेक्षा ती कुजबूज वाईट होती. सरकारांना एकदम पुढचा पेशंट आठवला.

त्यांनी मशीन तपासायला माणूस बोलावला. मशीन ठणठणीत निघालं. तर तो माणूसच बिनकामाचा आहे, असं सरकारांनी हॉस्पिटलच्या कमिटीला कळवलं. इकडे मॅडमनी स्टोअरमधून एक लोखंडी कमान काढून आणली. पेशंटच्या तोंडावर आडवी बसते, कापड तिच्यावर टाकायचं, नळीला धक्का लागत नाही. ही कमान सरकारांनीच पूर्वी अडगळीत टाकायला लावली होती; काम करताना मध्ये येते म्हणून.

"कमान नसेल तर गळ्याच्या ऑपरेशनला मी भूल देणार नाही," मॅडमनी सांगितलं. सरकार आठवडाभर रुसले. मग कमान लागायला लागली.

पुढं सर्जन लोकांची एक परिषद झाली. सरकारांनी तिथं भाषण ठोकलं: गळ्याच्या ऑपरेशनमध्ये श्वासाची नळी सुरक्षित कशी ठेवावी, माझी पद्धत. टाळ्या पडल्या, शाल मिळाली. भूल कोण देतं असं कुणीतरी विचारलं, तेव्हा "असतात आमच्याकडे एक" म्हणाले.

मी रागानं फणफणत परिषदेचा फोटो मॅडमना नेऊन दाखवला. मागच्या पडद्यावर कमानीचं मोठं चित्र होतं. मॅडमनी चष्मा लावला, बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ बघितला.

"कमान उलटी लावलीय," म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला आत घ्यायला सांगितलं.