मागच्या सीटवरचा आवाज

उड्डाण चौथे. प्रशिक्षकासह. सहा मिनिटे.

"… … … … … घ्या."

"हो सर," सूर्यभान म्हणाला, आणि त्यानं ग्लायडर सरळ पुढे नेलं.

मागून खांद्यावर टपली बसली. हातातला दांडा आपसूक डावीकडे झुकला. मागच्या सीटवर राधाकृष्ण सरांनी आपला दांडा वळवला होता. खाली भिंगारची छपरं तिरकी झाली आणि माळ समोर आला.

उतरल्यावर सर समोर येऊन उभे राहिले. "डावीकडे वळा म्हटलं, तर सरळ काय निघालात?"

समोरच्या माणसाचं बोलणं सूर्यभानला बरोबर कळे. ओठ दिसत.

"घार बघत होतो, सर."

"घार जरूर बघा. पण माझंही ऐकत चला."

*

सूर्यभान गर्जे, वय पंचेचाळीस, गाव पाथर्डीकडचं. कोपरगाव-श्रीरामपूरच्या उसावर औषध फवारणारं विमान त्यानं अकरा वर्षं चालवलं. उसाच्या शेंड्यावर चाक टेकेल इतकं खाली. विमानात सीट एकच आणि डोक्यापुढे दोन हातांवर इंजिन. त्या इंजिनानं त्याचे कान खाल्ले, तेही घास घास, कळू न देता. बोलायला शेजारी कुणी नव्हतंच, मग कुणाला कळणार?

डॉक्टरांकडे दरवर्षी तपासणी असे. डॉक्टर पाठीमागे उभे राहून हळू आवाजात आकडे म्हणत आणि ते ऐकून परत सांगायचे असत. समोर काचेचं कपाट होतं. डॉक्टरांचे ओठ कपाटात दिसत. सहा वर्षं सूर्यभान त्या कपाटावर पास झाला.

मग दोन वर्षं पाऊस झाला नाही. ऊस वाळला. कंपनीनं विमान दुसऱ्या मुलखात नेलं आणि वैमानिक इथंच सोडला.

भिंगारपलीकडच्या माळावरच्या ग्लायडिंग केंद्राला सहायक प्रशिक्षक हवा होता. इंजिनाच्या विमानाचा परवाना असलेला चालणार होता. अट एकच, फेब्रुवारीअखेर परवान्यावर ग्लायडरचं रेटिंग चढवून घ्यायचं. सरांसोबत दहा उड्डाणं, एक परीक्षेचं, तीन एकट्यानं. 'तुमच्यासारख्याला पंधरा दिवसांचं काम,' असं सरांनी पत्रात लिहिलं होतं.

पण दुसरी सीट मागे असते, हे पत्रात नव्हतं.

*

उड्डाण सहावे. पाच मिनिटे. शेरा: उतरण्यास उशीर.

धावपट्टीवर माळावर चारायला येणाऱ्या लंकाबाईच्या शेळ्या होत्या. पट्टी कसली, माळच. तार गुंडाळणाऱ्या विंचची तार ग्लायडरला ओढून वर फेकते तेवढ्यापुरता साफ केलेला.

पंख धरणारा आणि जीप हाकणारा मच्छिंद्र ओरडला, "ए मावशे, हाक की ती शेरडं! इमान उतरतंय!"

"इंजान न्हाई त्याला इमान म्हनत्यात व्हय? माझी शेरडं भीत न्हाईत त्याला. वरच्याला भोंगा वाजवाया सांग."

"भोंगा न्हाई त्याला."

"मग त्यो आला ह्ये कळावं कसं मान्साला?"

सगळे हसले. सगळ्यांचे दात दिसले म्हणून सूर्यभानही हसला.

*

उड्डाण नववे. सात मिनिटे. शेरा: असमाधानकारक.

तार सुटल्यावर सरांनी मागून हात लांब करून पुढच्या वेगाच्या काट्यावर पुठ्ठा चिकटवला. हे व्हायचं आहे ते सूर्यभानला माहीत होतं. जमिनीवर सांगितलं होतं.

काटा झाकला गेला आणि थोड्या वेळानं दांडा सैल लागू लागला. सूर्यभानला कळेपर्यंत ग्लायडर थरथरलं आणि त्याचं नाक खाली कोसळलं. सरांनी सावरलं.

"तुम्हा इंजिनवाल्यांची हीच खोड," खाली आल्यावर सर म्हणाले. "डोळ्यांनी उडवता. ग्लायडर कानांनी उडवायचं असतं. वेग उतरला की हवेचा आवाज पडतो. सगळं शांत झालं की समजायचं, आता नाक खाली घ्या. एवढी शांतता झाली तरी तुम्हाला कळलं नाही?"

सूर्यभानला ग्लायडर उभं असताना आणि उडताना सारखीच शांतता असे.

"लक्ष राहिलं नाही, सर."

*

खानावळीत तो भिंतीकडे तोंड करून जेवी. पाठीमागून कुणी 'या पायलटसाहेब' म्हणे आणि हा वळत नसे. "लई गर्व हाय त्येला," असं भिंगारात झालं. हळूहळू कुणी 'या' म्हणेनासं झालं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी कोपरगावला सासरी. तिचं महिन्याला पत्र येई. पत्र बरं, त्याला आवाज लागत नाही.

खोलीत तो खुर्चीवर बसे, डोळे मिटी आणि पाय हलवी. डावा, उजवा. अकरा वर्षं पायांनीच तर वळलो, त्याच्या मनात येई. पाय काही बहिरे झालेले नाहीत.

*

उड्डाण अकरावे. परीक्षा.

सूर्यभाननं बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी चालत ग्लायडरकडे गेला. तापलेली माती तळव्यांना चावत होती.

लंकाबाई आडवी आली. "आवो सायेब, वहाना काढल्या त्या? देवळात चाललाव व्हय?"

"देवळातच, मावशी."

"मग माज्यावाला नमस्कार सांगा. म्हनावं, पान्याचं बघ."

तार ताणली, माळ मागे सरला आणि ग्लायडर नऊशे फुटांवर आलं. पुठ्ठा बसला. सूर्यभाननं तळवे पायाखालच्या पेडलवर अलगद ठेवले, तापल्या कपाळावर हात ठेवावा तसे. पेडलमध्ये हवेच्या थरथरीच्या बारीक मुंग्या होत्या. वेग होता तोवर त्या पळत होत्या. नाक जरा वर गेलं की विरळ होत. त्या विरळ झाल्या की तो दांडा पुढे ढकली, दाटल्या की सोडून देई. वळणं घेतली, एकदा दुष्काळी कामावरच्या माणसांवरून गेला. खडी फोडणाऱ्यांनी माना वर केल्या. तो फिरून आला आणि पट्टीवर टेकला.

मच्छिंद्रनं धावत येऊन पंख धरला. सर उतरून मागे उभे राहिले. ऊन कलतं होतं. त्यांची सावली सूर्यभानच्या पुढे लांबवर पडली होती. सावलीचा हात वर गेला, खाली आला. मान हलली. पुन्हा हात वर गेला.

सर बोलत होते.

नेहमीसारखं 'हो सर' म्हटलं की झालं. तोंडात आलंही होतं. सावली थांबली, उत्तराची वाट बघत.

सूर्यभान पट्टे सोडून उठला आणि वळला. "सर, तुम्ही आता काय बोललात ते मला ऐकू आलं नाही. आधीचंही कधी नीट आलं नव्हतं."

मच्छिंद्रच्या हातातला पंख डगमगला.

"किती दिवस झाले?" सरांनी विचारलं, सावकाश, ओठ दिसतील असं.

"सहा-सात वर्षं."

"मग आज वेग कसा धरलात?"

सूर्यभाननं पाय उचलून तळवा दाखवला. सरांनी वाकून तो मळका तळवा बघितला.

"अठ्ठावीस वर्षं उडतोय मी," ते म्हणाले. "हे मला सुचलं नसतं." "मघाशी काय म्हणालो माहीत आहे? पास, म्हणालो. सोमवारपासून पोरांना घेऊन बसा, म्हणालो."

सूर्यभाननं ते ओठांवरून वाचलं. सगळं नीट वाचलं.

"नाही सर. मागं बसायचं तर पुढच्याचं ऐकू यायला हवं. पोरगं घाबरून काही बोललं, तर मी आपला पाठमोरं डोकं बघत बसायचो."

सरांनी आग्रह धरला नाही. त्यांनाही तेच दिसलं असावं.

"तुमच्या एकट्याच्या तीन फेऱ्या राहिल्यात," ते म्हणाले. "परवाना मार्चपर्यंत आहे. तुम्हाला उडवता येतं, हे मी बघितलंय. तेवढं लिहीन."

"शनिवारी घेतो. मार्चमध्ये तपासणीच्या आधीच डॉक्टरांना मी सांगणार आहे."

*

उड्डाण चौदावे. एकट्याने. एक्केचाळीस मिनिटे.

तापलेल्या माळातून हवा वर चढत होती. दोन घारी तिच्यावर तरंगत होत्या. सूर्यभान त्यांच्यात शिरला. घारींनी जागा दिली. तो गोल फिरत वर गेला, इतका की नगर एका बाजूला मुठीएवढं झालं आणि पूर्वेला त्याच्या गावाकडची करडी, उघडी जमीन दिसू लागली. मागची सीट रिकामी होती. तिच्यावर पट्टे आवळून बांधले होते.

तो उतरला तो पार पट्टीच्या टोकाला. वारा सुटला होता. ग्लायडर एकटं सोडलं तर वारा पंखाखाली शिरतो आणि ते उलथतं. म्हणून तो वाऱ्याकडच्या पंखाच्या टोकावर जाऊन बसला, आपलं सगळं वजन टाकून, दूरच्या टेकड्यांकडे बघत.

पाठीमागून जीप आली. मच्छिंद्रनं सवयीनं हॉर्नवर हात ठेवला, मग उचलला. जीप लांबच बंद केली. उतरून त्यानं मोठा वळसा घातला, ढेकळांतून, पंखाच्या पुढून, आणि सूर्यभानला दिसेल असा समोरून चालत आला.