इंजिनाचं तोंड दक्षिणेला नको

आमच्या घरात एक लाल गाडी होती आणि ती चालत नव्हती. लग्न होऊन मी सांगलीहून फलटणजवळच्या या गावात आले, तेव्हा गोठ्यात म्हैस असेल म्हणून पदर सावरून आत डोकावले, तर कडब्याखाली ही बया. कमरेएवढी उंच, दोन माणसांची, छप्पर नाही, परदेशी. इंजिन पुढच्या बॉनेटखाली नाही, तर सीटच्या पाठीशी. मी विचारलं, "ही कुणाची?" सासूबाई म्हणाल्या, "माझी सवत."

सासूबाईंना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा. मामा म्हणजे सुभेदार नाथाजी, सगळी नोकरी फौजेच्या गाड्या हाकण्यात गेली. ज्या कर्नलसाहेबांकडे ते होते, त्यांनी हौसेने परदेशातून आणलेली ही स्पोर्ट्स कार कायमची बंद पडली, तेव्हा साहेबांनी ती मामांना निरोपाची भेट म्हणून दिली. साहेबांनी आपल्या गळ्यातलं लोढणं दुसऱ्याच्या गळ्यात बांधलं, असं माझं स्पष्ट मत आहे. मामांच्या मते तो सन्मान होता. दर दसऱ्याला ते तिला झेंडूचा हार घालायचे, आणि ज्या गोठ्यात पंढरपुरी म्हैस बांधायची म्हणून आत्यांनी लग्नापासून डोळे लावले होते, तिथे ती हार घालून बसायची.

त्यात आत्यांचे धाकटे भाऊ तात्याबा. आत्यांचं माहेर माण तालुक्यात, घाट चढला की लगेच. तिथे पाऊल ठेवलं की तात्याबा रस्त्याकडे मान लांब करून विचारणार, "दाजी, गाडी कुठं लावली?" आणि एसटीतून उतरलेल्या मामांच्या हातात पिशवी. माझा नवरा, जयराज, शाळेत होता तेव्हापासून हा एकच विनोद चालू आहे आणि दर वेळी गाव नव्याने हसतं.

गेल्या दिवाळीत आत्यांचा संयम संपला. "माझ्या माहेरच्या यात्रेला मला त्या गाडीतनं न्यायचं. माझ्या भावाच्या दारात उभी करायची. न्हाई जमलं तर यात्रेच्या दुसऱ्या दिशी तानाजी भंगारवाला टेम्पो घिऊन यील. मी सांगून ठिवलंय त्याला." त्यांनी खरंच सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी मामा जेवले नाहीत.

बापाचा उतरलेला चेहरा जयराजला बघवेना. तो पुण्याकडे एका कारखान्यात इंजिनिअर आहे. तिथे कुणाची तरी नवीकोरी गाडी अपघातात चेपली होती, इंजिन मात्र शाबूत होतं. ते त्याने उचलून आणलं. टर्बोचं इंजिन. टर्बो म्हणजे हवा दाबून इंजिनात कोंबणारा भोवरा, असं त्याने मला दोनदा समजावलं आणि मी दोनदा मान हलवली. त्याच्यासोबत गिअरबॉक्स आणि चाकं फिरवणारा अॅक्सल एकाच डब्यात आला होता. त्या डब्याला ट्रान्सअॅक्सल म्हणतात. हा शब्द आमच्या घरात त्या उन्हाळ्यात भाकरीपेक्षा जास्त वेळा उच्चारला गेला.

कामाला पप्पू मिस्त्री आला. फलटणमध्ये ट्रॅक्टर आणि उसाचे ट्रक दुरुस्त करण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही, आणि परदेशी गाडीला हात लावायला तो उतावळा होता. जुनं इंजिन काढलं, सांगाडा कापला, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी कडबा दोनदा पेटता पेटता राहिला. नव्या इंजिनाचा कम्प्युटर ठेवायला जागा मिळेना, तो आत्यांच्या पोह्यांच्या स्टीलच्या डब्यात घालून सीटखाली बसवला. आत्यांनी डबा ओळखला आणि घरातले बाकीचे डबे मोजून कुलपात ठेवले.

इंजिन बसवायच्या दिवशी त्या हळदीकुंकू आणि नारळ घेऊन गोठ्यात हजर. गाडीशी वैर असलं म्हणून काय झालं, घरात नवीन वस्तू येणार आणि पूजा नाही, हे त्यांना चालणारं नव्हतं. साखळीला टांगलेल्या इंजिनाला कुंकू लावता लावता त्यांनी विचारलं, "ह्याचं तोंड कंचं म्हणायचं?"

पप्पूने भोळेपणाने टर्बो दाखवला. "हे बगा काकू, हितनं हवा घेतंय. ह्येच तोंड."

"आन बसल्यावर हे कुठं येणार?"

आमच्या गोठ्याचं दार उत्तरेला. गाडी आत घातलेली, त्यामुळे तिचं नाक दक्षिणेच्या भिंतीला. तोंडही तिकडेच येणार होतं.

"दक्षिणेला?" आत्यांनी कुंकवाचा करंडा मिटला. "त्या दिशेला तोंड करून आमी माणसाला जेवाय बसवत न्हाई, आन तुमी इंजिन बसवताय?"

गाडी विटांवर चढवलेली, ती फिरवणं शक्य नव्हतं. जयराज पुण्यात. पप्पूने मामांकडे बघितलं. ज्या माणसाने सीमेवर गोळीबारातून ट्रक काढले, त्या माणसाने पत्र्याकडे बघितलं. शेवटी पप्पूने टांगलेलं इंजिनच गरकन फिरवलं आणि तोंड उत्तरेला केलं. त्यासाठी नव्याने वेल्डिंग करावं लागलं, पण गिअरच्या केबली उलट बरोब्बर पुरल्या. पप्पू म्हणाला, "काकू, आधी पुरत नव्हत्या. तुमच्या पायगुणानं बसलं बगा." आत्या प्रसन्न झाल्या.

यात्रेच्या आदल्या दिवशी विटांवरच गाडी चालू केली. इंजिन पहिल्या किल्लीला घुमलं, मामांनी पहिला गिअर टाकला, चाकं फिरली. मामांचे डोळे भरून आले. जयराजने पप्पूला मिठी मारली. मी व्हिडिओ काढत होते. त्या व्हिडिओत आजही स्वच्छ दिसतं की चाकं उलटी फिरताहेत आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवतोय.

यात्रेच्या सकाळी गाडी विटांवरून उतरवली आणि मामा फौजेची टोपी घालून तिच्यात बसले. शेजारी आत्या, इरकल नेसून, मांडीवर नैवेद्याची पाटी. गाडी मागे काढायची म्हणून मामांनी रिव्हर्स टाकला. गाडी टुणकन पुढे गेली आणि गव्हाणीत रचलेल्या कडब्यात घुसली. पेंढ्या कोसळल्या. आत्यांचा फक्त अंबाडा दिसत होता.

पप्पूचा चेहरा पडला. "मामा, जरा पयल्यात टाका," तो हळूच म्हणाला. मामांनी पहिला टाकला आणि गाडी लोण्यासारखी मागे सरकत अंगणात आली. पप्पूच्या आता लक्षात आलं. इंजिन फिरवलं म्हणजे चाकांचं फिरणंही उलटलं. आता गाडीला पाच गिअर मागे जायला होते आणि पुढे जायला एकच.

जयराजने कपाळाला हात लावला. "कुणी फिरवलं इंजिन?" आत्या केसांतला कडबा काढत होत्या.

"दोन दिस द्या, परत फिरवून देतो," पप्पू म्हणाला. दोन दिवस कुठले आणायचे? दुपारी पालखी निघायच्या आत नैवेद्य पोचायला हवा होता. मामांनी त्या एका पुढच्या गिअरवर गाडी रस्त्याला काढली. इंजिन रडायला लागलं. सायकलवरचा दूधवाला शेजारून गेला, मागे वळून हसला. मामांनी गाडी थांबवली.

"फौजेत तोफ जोडलेला ट्रक मी मागं घेत न्यायचो, एका बाजूला दरी," ते आत्यांना म्हणाले. "ही तर दोन शिटांची. शालू, पाटी घट धर." आणि त्यांनी गाडीचं ढुंगण घाटाकडे केलं.

जयराज लाल फडकं बांधून मोटरसायकलवर पुढे, वाहनं थांबवायला. मामांची गाडी उलटी. आणि तिच्या मागून मी माझ्या गाडीत, दिवे लुकलुकत. आता विचार करा. त्यांची गाडी मागे चाललेली, म्हणजे तिचं तोंड माझ्याकडे. अख्खा घाट सासू माझ्यासमोर बसलेली, काचेतून माझ्याकडे टक लावून. सुनेने गाणं लावायचं नाही, जांभई द्यायची नाही. कोणत्याही सुनेवर अशी वेळ येऊ नये.

मामांची मान मागे वळलेली आणि डावा हात आत्यांच्या सीटवर, त्यांच्या खांद्यामागून. चारचौघांत त्यांनी आत्यांच्या खांद्यामागे हात टाकलेला मी पहिल्यांदाच बघितला. गाडी मागे घ्यायची तर टाकावाच लागतो. आत्या लाजत होत्या आणि त्याच वेळी भांडतही होत्या. वारा पाठीकडून, त्यामुळे पदर सारखा डोक्यावरून पुढे येऊन तोंडावर पडत होता आणि भांडण मधूनमधून थांबत होतं. वरच्या वळणावर टर्बोने जोर धरला. एसटीच्या ड्रायव्हरने बस कडेला घेतली आणि हात जोडले.

माहेरचं गाव रस्त्याला लोटलं होतं. गाडी आधी ढुंगण, मग दिवे, अशी तात्याबांच्या दारात जाऊन थांबली. तात्याबा गाडीभोवती एक फेरी मारून आले.

"दाजी," ते म्हणाले, "तोंड दाखवायची लाज वाटली व्हय?"

हसून हसून लोक खाली बसले. मामा उतरले, पण त्यांची मान सरळ होईना. दिवसभर ते खांद्यावरून मागे बघत हिंडले, पालखीच्या पायाही तसेच पडले.

आत्यांना ते हसणं फार लागलं. देवळातून परतताना त्या मला म्हणाल्या, "दारात आली, पर अशी? आख्खं गाव हसलं माज्यावर. उद्या तानाजीला यिऊ द्या. न्हिऊ दे ती एकदाची." मामा मागेच होते आणि मान मागे असली तरी कान शाबूत होते. पंगतीत त्यांच्या ताटातली पुरणपोळी तशीच राहिली. मला त्यांची फार दया आली. हौस वाया गेली तर गेली, पण तिचं असं हसू होऊन जावं, याचं वाईट वाटतं.

ऊन कलल्यावर आम्ही निघालो. भावजयीने आत्यांची ओटी भरली. आत्यांच्या माहेरी एक शिस्त आहे, त्यांच्या आईने घालून दिलेली. लेकीने एकदा उंबरा ओलांडला की मागे वळून बघायचं नाही, नाहीतर जीव सासरी लागत नाही. आत्या आजवर कधी वळल्या नाहीत. उलट एसटीत बसल्यावर त्यांची नेहमीची कुरकूर असायची, "तात्याला काय माया न्हाई. मी निघाले की झालं, लगीच पाट फिरवून गोठ्यात."

त्या गाडीत बसल्या. मामांनी आखडलेली मान थोडी अजून वळवली, खांद्यामागे हात टाकला आणि गाडी मागे मागे निघाली. मी तिच्यामागून, सकाळसारखीच, सासूच्या नजरेसमोर. थोडं अंतर गेलो नाही तोच आत्या मला हाताने खुणा करायला लागल्या. मला वाटलं, पुढे जा म्हणताहेत. मी हॉर्न वाजवला. त्या चिडल्या. दोन्ही हातांनी, माशा हाकलल्यासारखं, बाजूला हो, बाजूला हो. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि मग आरशात बघितलं.

तात्याबा रस्त्यात आले होते. आधी दारापर्यंत, मग लिंबापर्यंत, मग चालत आमच्या मागे मागे. रस्ता उताराला लागला तसे ते विहिरीच्या कठड्यावर चढले. त्या वयात, धोतराचा सोगा धरून. एक हात कपाळावर आडवा. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल डोळ्यांना लावला आणि तसाच धरून ठेवला.

आत्यांनी शिस्त मोडली नव्हती. त्या मागे वळल्याच नव्हत्या, सरळ समोर बघत होत्या. माहेरचं घर समोरच लहान लहान होत गेलं, आणि कठड्यावरचा भाऊ वळण येईपर्यंत तिथेच उभा होता. आत्या रडत होत्या. पदर पुन्हा पुन्हा तोंडावर येत होता आणि त्या तो दर वेळी घाईघाईने बाजूला करत होत्या. मलाही रडू आलं. मामांना यातलं काहीच दिसलं नाही, ते बिचारे रस्ता बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तानाजीचा टेम्पो आला. आत्यांनी त्याला चहा दिला, गोठ्यामागचे गंजके पत्रे दिले आणि वाटेला लावलं. मामा खांबाला धरून उभे होते, ते फडकं घेऊन गाडी पुसायला लागले. तेवढ्यात पप्पू साखळी घेऊन आला. "काकू, आज इंजिन सरळ करून टाकतो."

"हात लावशील तर बघ."

"आवं, पर सगळे गिअर उलटे हाईत."

"सरळ करून काय बघू? म्होरचा रस्ता?" आत्या म्हणाल्या. "पंचमीला मला जायाचंय त्यातनं. हाय तसंच राहू द्या."

म्हैसही आली, आत्यांनी तिचा हट्ट सोडला नव्हता. ती माझ्या गाडीच्या शेडमध्ये बांधली आहे आणि माझी गाडी आता उन्हात असते. यावर माझं मत कोणी विचारलेलं नाही.

त्या दिवशी दुपारी आत्यांनी मला भावाचा नंबर लावायला सांगितला. फोन लागल्यावर त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाला धरला. मग नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाल्या, "तात्या, ह्या वयात हिरीच्या कठड्यावर चढत जाऊ नगंस. पाय घसरंल."

पलीकडून तात्याबांनी विचारलं, "तुला कुणी सांगितलं आक्का?"

"मी बघितलं," आत्या म्हणाल्या.