शाळेच्या छपरावरचा महिना

बाईंच्या पत्राला मी एकवीस वर्षं उत्तर दिलं नाही. पत्र लहानसं होतं, शाळेच्या आखीव कागदावर, मुख्याध्यापिकेच्या ठसठशीत अक्षरात. "मधल्या सुट्टीत मुले बाकावर डोके टेकून पडतात. उठली की बाकावरच्या राखेत त्यांच्या गालांचे ठसे राहतात. आपण धूळ मोजता, असे समजले. आपली बरणी एक महिना आमच्या छपरावर ठेवाल का?"

धूळ मोजणं हीच माझी नोकरी होती. कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत मी मदतनीस. रुंद तोंडाच्या बरणीत थोडं पाणी घालून ती महिनाभर छपरावर उघडी ठेवायची, मग पाणी गाळून, गाळ वाळवून त्याचं वजन करायचं. तीस वर्षं मी हेच केलं. लोक मला धूळमास्तर म्हणत.

बरणी माझ्याच घराच्या छपरावर असे. पहिल्या दिवशी साहेबांनी विचारलं होतं, "तुमचा जिना सोपा आहे ना?" मी हो म्हणालो. वर्षातले नऊ महिने वारा आमच्या घराकडून केंद्राच्या चिमणीकडे वाहतो, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. शाळा चिमणीच्या पलीकडे होती.

आता येत्या गुरुवारी सुनावणी आहे. जुने बॉयलर दुरुस्त करून आणखी दहा वर्षं कोळसा जाळायचा, की केंद्र बंद करून राखेच्या माळावर सौर पॅनेल आणि बॅटऱ्या बसवायच्या, हे तिथे ठरणार. केंद्राच्या बाजूनं मोठा पुरावा एकच: तीस वर्षांच्या धुळीच्या नोंदी, सगळ्या मर्यादेच्या आत. त्या माझ्या अक्षरात आहेत. विरुद्ध बाजूनं बोलणार आहेत त्याच बाई. आता त्या निवृत्त आहेत, आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून राहतात, आणि त्यांच्या हातात गालांच्या ठशांखेरीज काही नाही.

"पत्र लिहिताय की कादंबरी?" बायकोनं विचारलं. "चार दिवस झाले."

"सुरुवात जमत नाहीये."

"तेव्हाही हेच म्हणाला होतात."

खरं होतं. तेव्हा मी सात खर्डे केले होते. दर खर्ड्यात भाषा सुधारत गेली आणि मजकूर आटत गेला. सातव्यात नुसते आभार उरले, आणि तेही मी टपालात टाकले नाहीत.

पण मधे एक गोष्ट केली होती, जी बायकोलाही ठाऊक नव्हती. पाण्याची टाकी तपासायची आहे, असं शिपायाला सांगून मी एका रविवारी शाळेच्या छपरावर दुसरी बरणी ठेवून आलो. महिन्यानं उतरवली. घरच्या बरणीत पाव ग्रॅम राख होती, शाळेच्या बरणीत पावणेदोन. सातपट. तीनदा वजन केलं. मग साहेबांच्या दारापर्यंत गेलो, पडद्याबाहेर थोडा वेळ उभा राहिलो आणि परत फिरलो. आकडे एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी शब्दकोशात ठेवली.

मी भित्रा होतो, हे झालंच. पण मला ते केंद्र आवडायचंही. त्याच्या भोंग्यावर आमची घड्याळं लागायची. थंडीच्या पहाटे पाळी संपवून निघालेली माणसं केंद्रातून येणाऱ्या कोमट पाण्याच्या कालव्यात पाय सोडून बसायची, आणि डोळ्यांच्या कडांना कोळशाचं काजळ म्हणून एकमेकांना 'नवरीबाई' म्हणत चिडवायची. मीही कधीकधी पुस्तक घेऊन काठावर बसायचो. केंद्राच्या क्लबच्या वाचनालयात ग्रंथपाल प्रत्येक पुस्तक फडक्यानं पुसूनच हातात द्यायचा. त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. संध्याकाळी लांबच्या शहरात दिवे लागले की वाटायचं, हे आपण लावले. अजूनही त्या भोंग्याच्या वेळेला मला आपोआप जाग येते.

मुलगा त्याच केंद्रात बॉयलरवर आहे. त्या दिवशी तो पाळीवरून थेट माझ्या खोलीत आला.

"आई म्हणाली, तुम्ही बाईंना पत्र लिहिताय."

"प्रयत्न करतोय."

"बाबा, बाराशे माणसं आहोत आम्ही. पॅनेल पुसायला किती लागतील? दोनशे? आणि पत्र सुनावणीत वाचलं गेलं, तर डबा खाताना माझ्या शेजारी कोण बसणार, सांगा."

"बरं. नाही लिहीत."

"लगेच नाही काय म्हणता? तुमचं नेहमीचंच." तो खुर्ची ओढून बसला. "आहे काय तुमच्याकडे एवढं?"

मी शब्दकोशातून चिठ्ठी काढून दिली. त्यानं दोन्ही आकडे वाचले, मग तारीख वाचली.

"त्या वर्षी मी कितवीत होतो?"

"चौथीत."

"म्हणजे बाईंच्या शाळेत, खिडकीजवळच्या बाकावर." तो चिठ्ठीकडे बघत राहिला. "आणि तरी तुम्ही मला रोज तिथे पाठवलंत."

मी मान हलवली.

चिठ्ठी परत देऊन तो उठला. "लिहा. पण आमचंही लिहा. आधी आम्हाला नवीन काम शिकवा, जागा लेखी द्या, मग चिमणी बंद करा. नाहीतर पुन्हा अर्धंच सांगाल." दारात थांबून म्हणाला, "आणि शुद्धलेखन बघत बसू नका."

मग एका बैठकीत पत्र झालं. घरच्या छपराचा आकडा, शाळेच्या छपराचा आकडा, वारा कुठून वाहतो ते, जिना सोपा होता ते. मुलगा म्हणाला तेही. त्याच कागदावर सही केली आणि चिठ्ठी जोडली.

टपाल कचेरीतल्या खिडकीमागच्या मुलीनं पत्ता वाचला. "आजोबा, हे तर इथंच आहे. हातानंच नेऊन द्या की."

"त्यांनी टपालानं पाठवलं होतं."

"कधी?"

मी वर्ष सांगितलं. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, तिकीट चिकटवलं, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं. मी तिथेच उभा होतो.

"झालं का काका?" रांगेतल्या माणसानं विचारलं.

"झालं," म्हणालो आणि बाजूला झालो.