परवा

वासराचे मागचे पाय आधी बाहेर आले. कुशनं त्यांना साखळी अडकवली, शेणामातीत फतकल मारली आणि सगळा जोर लावून वासरू ओढून काढलं. ते शिंकलं, जिवंत होतं. गाईनं कुशकडं ढुंकूनही न बघता त्याला चाटायला घेतलं. वायोमिंगच्या त्या माळावर शाबासकी द्यायला दुसरं होतं तरी कोण? रँचचा मालक अर्ल सत्तरीचा. दिवसाला मोजून दहा शब्द बोलायचा, त्यातले सहा गाईंशी.

दूर पूर्व किनाऱ्यावरच्या आयसेलिनमध्ये वाढलेला मुलगा गुरं राखायला इथं कसा आला, हे विचारू नका. त्याच्या वडिलांचं, मनोहररावांचं, विचारून झालं होतं. एका उन्हाळ्यात फिरायला आला तो परतलाच नाही. इंजिनिअरिंग अर्ध्यावर सुटलं तेव्हा ते म्हणाले, "माझ्यासाठी तू संपलास." बोलणं बंद झालं, त्याला दोन वर्षं झाली. कुशला माळ आवडायचा, कामही आवडायचं. राहायच्या ट्रेलरमध्ये एकटाच जेवायला बसला, की मात्र घास घशाखाली उतरायचा नाही.

फोनला रेंज फक्त टेकडीच्या माथ्यावर. दोन-तीन दिवसांनी तो वर चढायचा. बुधवारी चढला तर आईचा मेसेज होता. त्याला देवनागरी वाचता येत नाही म्हणून ती इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची: 'बाबांची बायपास परवा. सकाळी सात.'

परवा. कुशनं बोटं मोजली. सोमवारी. म्हणजे सगळं उरकलं आणि मग आपल्याला कळवलं! त्याच्या जिव्हारी लागलं. 'ओके. टेक केअर,' एवढंच टाइप करून तो खाली उतरला. पुढचे दोन दिवस त्यानं कामात स्वतःला गाडून घेतलं.

शनिवारी राग निवळला आणि नुसती भीती उरली. दुपारी वर जाऊन त्यानं फोन लावला.

"आई, बाबा घरी आले?"

"घरी कसे येतील? काल तर झाली बायपास!"

"काल? तू तर परवा म्हणालीस."

"अरे, बुधवारी म्हटलं ना, परवा. म्हणजे शुक्रवारी."

"पण परवा इज पास्ट, ना? 'सीमामावशी परवा येऊन गेली,' असंच म्हणतेस ना तू?"

"दोन्हीला परवाच म्हणतात रे बाळा."

होऊन गेलेल्या दिवसाला आणि यायच्या दिवसाला आपल्याकडं एकच शब्द, हे तिनं त्याला कधी सांगितलंच नव्हतं. सांगायची गोष्ट आहे हे तिच्या तरी कुठं डोक्यात आलं होतं? बुधवारीच निघाला असता, तर गुरुवारी तो बाबांच्या उशाशी असता.

"मला वाटलं, तुला यायचंच नाहीये," आई म्हणाली. "त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? मी आपलं म्हटलं, निघालाय तो. ऑपरेशनला आत नेताना चष्मा काढू देईनात. पोरगा आला तर दिसायला नको का, म्हणाले. शेवटी नर्सनं काढूनच घेतला. तेवढ्यात दारात हॉस्पिटलमधला कोणीतरी उंच मुलगा उभा राहिला. त्यालाच यांनी हात केला. आता सकाळपासून सगळ्यांना सांगतायत, माझा मुलगा येऊन गेला."

"यू टोल्ड हिम, तो मी नव्हतो?"

"नाही रे. जीभच उचलली नाही. देते फोन. काय सांगायचं ते तू बघ."



"कुश." बाबांचा आवाज पार बारीक झाला होता. "थांबला नाहीस?"

खरं काय ते सांगायचं असेल, तर आत्ताच सांगायला हवं होतं.

"काम होतं, बाबा. कॅल्व्हिंग सीझन आहे, वासरं येतायत."

"हं. जनावरांचं काम, थांबून कसं चालेल?" ते दमले, पुन्हा बोलले. "इतक्या लांबून आलास. बरं वाटलं रे. मी हात केला, दिसला ना तुला?"

"दिसला, बाबा. मीपण केला."

आणि त्या उघड्या माळावर, पूर्वेकडं तोंड करून, कुशनं हात वर केला.