शेठचं पाणी

"डॉक्टर काय वाचवणार? मला वाचवलं ते शेठनं," विश्राम म्हणाला आणि त्याने हॉलमधल्या रिकाम्या काचेच्या टाकीकडे हात केला. "माझ्यावरचं सगळं स्वतःवर घेतलं आणि गेला बिचारा."

समोर बसलेले पिलाजीराव चहाची बशी तोंडाशी नेता नेता थांबले. मकरपुऱ्याच्या कारखान्यातले विश्रामचे हे जुने सोबती. शेठ कोण, हे त्यांना सांगायला नको होतं. इतकी वर्षं ते तरसालीच्या या घरी येत होते आणि त्यातला निम्मा वेळ त्या माशाचं कौतुक ऐकण्यातच गेला होता.

"हो ने? त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी! विचारा हिला."

स्वयंपाकघरात मंदाने उगाचच गॅस मोठा केला. पण दोघेही उत्तराची वाट बघत होते.

"हो," ती आतूनच म्हणाली. "त्याच दिवशी."

खोटं नव्हतं ते. खोटं असतं तर एकवेळ परवडलं असतं.

वास्तविक विश्राम म्हणजे हाडाचा फिटर. दारावर लिंबू-मिरची टांगणाऱ्यांची टर उडवण्यात त्याचा जन्म गेला. माशांचं वेड त्याला डभोईला लागलं. बहिणीकडे गेला होता, तिथल्या तळ्यावर पोरांनी पट्ट्यापट्ट्यांचे बोटाएवढे मासे धरले होते, ते हा जेवणाच्या डब्यात पाणी घालून एसटीने घरी घेऊन आला. डबा परत स्वयंपाकघरात घ्यायला मंदाने साफ नकार दिला. पुढे काचेची टाकी आली, पंप आला, आणि एका दुकानदाराने त्याच्या गळ्यात ऑस्कर नावाचा एक मासा मारला. परदेशी जात आहे म्हणाला, माणूस ओळखते. आला तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढा होता. दिवाळीपर्यंत त्याने डभोईचं सगळं गणगोत गिळलं. शेळ्यांच्या गोठ्यात वाघ बांधल्यावर दुसरं काय होणार! विश्राम दोन दिवस त्या माशाशी अबोला धरून होता. मग म्हणाला, "खाऊन बसलाय बघ कसा, गादीवर शेठ बसल्यासारखा." तेच नाव पडलं.

शेठ वाढला तो चांगला वीतभर. काळं अंग, त्यावर विझत्या निखाऱ्यासारखे ठिपके. विश्राम कामावरून आला की शेठ काचेला नाक लावून उभा राहायचा आणि दाणे थेट त्याच्या बोटांतून घ्यायचा. दर रविवारी पाणी बदलणं म्हणजे विश्रामची पूजाच. थोडं पाणी पाइपने काढायचं आणि गॅलरीत दोन दिवस उघड्या ठेवलेल्या बादल्यांतलं घालायचं. "नळाचं पाणी थेट घालायचं नाही, मंदा. त्यात मारलेलं औषध आपल्याला चालतं, त्याचे कल्ले जाळतं." मंदाला हे आरतीसारखं पाठ झालं होतं.

आणि तरीही तिने ते केलं होतं.

विश्रामची बायपास झाली आणि तिसऱ्या दिवशी ताप चढला. त्याला पुन्हा मशीनवर घेतलं. आता काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मंदा आंघोळ करून कपडे न्यायला तेवढी घरी आली होती. समोरच्या नलिनीबेन थेपल्यांचा डबा घेऊन आल्या, तिचा हात धरून रडल्या आणि जाता जाता टाकीकडे बघून म्हणाल्या, "चिंता ना करो, मंदाबेन. माछली घरचं दुःख स्वतःच्या माथे लई ले. माझ्या दिराला ॲक्सिडंट झाला ने, त्याच दिवसे आमची माछली मरी गई. ने दीर बची गया."

नलिनीबेन गेल्या. शेठ काचेशी येऊन उभा होता. दोन रविवार त्याचं पाणी कुणी बदललं नव्हतं आणि टाकी गढुळली होती. मंदाला तेवढं निमित्त पुरलं. पाणी बदलायलाच हवं, असं तिने स्वतःला बजावलं. शेठच्या पाठीला हवा लागेल इतकं पाणी तिने काढून टाकलं. गॅलरीत विश्रामने भरून ठेवलेल्या बादल्या काठोकाठ होत्या. ती तिकडे गेलीच नाही. पाइपचं टोक तिने स्वयंपाकघरातल्या नळाला बसवलं. पावसाळ्याचे दिवस, पाण्याला औषधाचा असा भपकारा येत होता की डोळे चुरचुरावेत. टाकी भरेपर्यंत ती तिथेच पाइप धरून उभी राहिली. मग हात जोडले आणि त्या माशाला आयुष्यात पहिल्यांदा अहोजाहो करत म्हणाली, "त्यांचं तुम्ही घ्या."

संध्याकाळी विश्रामचा ताप उतरला. त्याच रात्री ती घरी आली तेव्हा शेठ एका कुशीवर तरंगत होता. तिने त्याला सोसायटीच्या जास्वंदीखाली पुरलं आणि गॅलरीतल्या दोन्ही बादल्या कुंड्यांना घालून टाकल्या. नवस केला, फेडला, की मन हलकं होतं असा तिचा आजवरचा अनुभव. हे ओझं मात्र हलायला तयार नव्हतं.

विश्राम घरी आला तेव्हा एरवी त्याने पहिला प्रश्न पाण्याचाच विचारला असता. पण नलिनीबेन आधी पोचल्या. चमत्कार ऐकून तो ढसाढसा रडला, आणि लिंबू-मिरचीला हसणारा तो माणूस रोज सकाळी रिकाम्या टाकीला हात जोडू लागला. मंदा तेव्हा तिथून उठून जायची.

पिलाजीराव येऊन गेले त्याच आठवड्यात मंदाचं पोट दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन तसं साधंच होतं, पण विश्रामचं तोंड उतरलं. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी तो बाजारातून हवा भरलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. आत रुपयाएवढा ऑस्कर होता.

"हे काय?"

"तुझ्यासाठी."

टाकी त्याने आधीच भरून ठेवली होती. पिशवी पाण्यावर थोडा वेळ तरंगत ठेवली, मग पिल्लू हळूच आत सोडलं. पिल्लू घाबरून कोपऱ्यात गेलं, जरा वेळाने बाहेर आलं आणि काचेला नाक लावून उभं राहिलं. मंदाला किती दिवसांनी हसू आलं.

"नाव काय ठेवायचं याचं?"

"नाव नको," विश्राम म्हणाला. तो पिल्लाकडे बघत नव्हता. "उगाच जीव लागतो. तुझं ऑपरेशन नीट होऊ दे, बस."

डभोईचा बोटभर मासा मेला तरी रात्री न जेवणारा हा माणूस. आणि आज त्याने मरण्यासाठी मासा विकत आणला होता. हे तिनेच केलं होतं त्याचं. मासा मारला तो मारलाच, पण या माणसातलंही काहीतरी तिने त्या पाण्याने जाळलं होतं. तिला स्वतःची किळस आली. गप्प राहायचं म्हटलं असतं तर राहता आलं असतं. उद्या सकाळी जायचं, भूल घ्यायची, आणि परत येऊन टाकी रिकामी दिसली तर पाया पडायचं.

"अहो," ती म्हणाली, "शेठ आपणहून नाही गेला. मी मारलं त्याला. नळाचं पाणी घातलं."

विश्राम दाण्यांची डबी उघडत होता, तो थांबला.

"बादल्या नव्हत्या भरलेल्या?"

"होत्या."

"तुझं डोकं कुठं ठिकाणावर असणार तेव्हा," तो सावकाश म्हणाला. "चुकून झालं असेल. चुकूनच ने, मंदा?"

त्याने सुटकेचं दार उघडून धरलं होतं, तिने नुसतं आत यायचं होतं.

"नाही. मुद्दाम. नलिनीबेन म्हणाल्या म्हणून. तुम्ही वाचावं म्हणून."

बाहेर कुणाची तरी स्कूटर किक मारूनही सुरू होत नव्हती. विश्राम चिडेल, डबी भिरकावेल, म्हणून ती तयार होती. बरंच झालं असतं ते.

"पाणी पडायला लागल्यावर पळाला असेल कोपऱ्यात," शेवटी तो म्हणाला.

तिने मान हलवली. "नाही हो. माझा हात होता ना पाण्यात, पाइप धरलेला. तर बोटांशी आला. शेवटपर्यंत तिथंच होता. खायला देतेय, असं वाटलं त्याला."

विश्रामने डबीचं झाकण लावलं. ते नीट बसलं नाही, म्हणून काढून पुन्हा लावलं.

"उद्या दवाखान्यात किती वाजता जायचं?" त्याने विचारलं.

"आठ वाजता."

"बरं," तो म्हणाला. तिच्याकडे मात्र त्याने पाहिलं नाही.