यंत्राला तांब्याभर पाणी

जमिनीची ओल मोजायचं यंत्र शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या माळावर पुरलं, तेव्हा पुण्याच्या हवामान संस्थेच्या साहेबांनी ते रीतसर बसवलं. म्हणजे नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, फोटो काढला. ज्यांचं रान होतं त्या दगडाबाई पदर सावरून कौतुकानं बघत होत्या. गौतमी तेवढी तारा जोडत बसली होती. ती दौंडकडच्या वरवंडची, त्याच संस्थेत संगणकावर शिरूर-दौंडचा पाऊस आधीच पाडून बघायची तिची नोकरी.

संगणकाचा हिशोब असा, की ओली जमीन वाफ सोडते आणि वाफेचे ढग होतात. जुलैत पाबळचा माळ वरवंडच्या उसापेक्षा ओला दिसायला लागला. गौतमीला शंका आली, साहेबांना आनंद झाला. दौंडच्या उसाची वाफ शिरूरला पोचते, असा शोध त्यांनी भर सभेत लावून टाकला. वारा उलटा वाहतो ही किरकोळ अडचण होती. संगणकानंही साहेबांचा मान राखून पाबळवर आठवडाभर पाऊस दाखवला.

त्याच दिवशी दगडाबाईंचा फोन आला. घरचं राखलेलं बाजरीचं बी एकाच पेरणीपुरतं आहे, पेरू का? गौतमीनं पडद्याकडे बघून हो म्हटलं.

पाऊस आला नाही. गौतमी आली. आधीच्या सरीच्या ओलीवर उगवलेल्या बाजरीनं माना टाकल्या होत्या. यंत्राभोवती तेवढी हिरवीगार हरळी, वर ताजं हळदकुंकू, आणि शेजारी तांब्या घेऊन दगडाबाई.

"मावशी, ह्याला पाणी घालता?"

"रोज. तुमीच नारळ फोडला न्हवं? बसवल्याला देव कोरडा ठिवायचा व्हय?"

गौतमीनं समजावलं, की यंत्रानं तुमचाच तांब्या मोजला आणि संगणकानं त्याचेच ढग केले. दगडाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या चिडल्या असत्या तर गौतमीला बरं वाटलं असतं.

"म्हंजी मी घातल्यालं पाणीच तुमी मला पाऊस म्हनून सांगितलं."

"हो, मावशी."

"आन् बी?"

संगणकात वारा होता, वाफ होती, ऊस होता. बी नव्हतं.

दगडाबाईंनी पायाजवळच्या रोपांवर तांब्या ओतला. तळाशी ओंजळभर उरलं, ते सवयीनं यंत्रावर घातलं. गौतमीनं अडवलं नाही. वर ढग होते. ते माळावर न थांबता दौंडकडे, उसाकडे चालले होते. त्यांनाही कुणी अडवत नव्हतं.