लाल डावीकडे

"अहो भाऊ, दुकान उघडं टाकून आत काय करताय? कोणी गठ्ठा उचलून नेला म्हणजे?"

शेजारच्या शिंपीणबाई इस्त्रीच्या शर्टांची चळत घेऊन दारात उभ्या होत्या. काकांनी आतूनच "आलो, आलो" म्हटले, पण उठले नाहीत. उठायचे तर टेबलाला धक्का लागणार, आणि टेबलाला धक्का लागला की मणी उडणार. चिमट्यात एक मणी धरलेला, श्वास रोखलेला, अशा अवस्थेत माणसाने लाँड्री चालवू नये हे त्यांनाही कळत होते. पण रविवार जवळ आला होता.

मण्यांचे हे वेड खरे तर काकूंचे. एका सुट्टीत नात डबा घेऊन आली, चार दिवसांत कंटाळली, आणि जाताना डबा इथेच विसरली. नळी बारीक कापावी तसे प्लॅस्टिकचे रंगीत मणी. बारीक खुंट्यांच्या पाटीवर एकेक बसवून चित्र करायचे, वर कागद ठेवून इस्त्री फिरवायची, की सगळे मणी वितळून एकमेकांना धरतात. काका आधी हसले. "नातीनं टाकलं आणि आजीनं उचललं," असे गिऱ्हाइकांना सांगत बसले. मग काकूंनी पहिल्याच मांजरावर इस्त्री अशी काही दाबली की मांजर डबक्यासारखे पसरले. तेव्हा मात्र काकांना राहवले नाही.

"सरक," ते म्हणाले. "हे काही तुझं काम नाही."

"मग करा की तुम्ही. मी कुठं नको म्हणतेय?"

तेव्हापासून वाटणीच झाली. मणी काकूंचे, इस्त्री काकांची. दुपारी गिऱ्हाईक नसले की दोघे आतल्या खोलीत टेबलाशी बसत. काकू खिडकीकडच्या खुर्चीत, उजेडात, काका समोर. किटली झाली, होडी झाली, गल्लीतल्या निम्म्या घरांत काकूंच्या चौकोनी फुलांवर गरम भांडी विसावू लागली. काका नुसते बघत. मणी बसवायला मदत करण्याची सोय नव्हती, कारण काकांना लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नसे. दोन्ही रंग त्यांना सुक्या मातीसारखेच.

लाँड्रीवाल्याला रंग कळत नाहीत ही काही चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. ती एकट्या काकूंना ठाऊक होती. गिऱ्हाईक म्हणे, "काका, माझा हिरवा शर्ट द्या." काका खणांकडे बघत खोकत, आणि आतून काकूंचा आवाज येई, "तिसऱ्या खणात, वरचा." त्या एका आवाजावर जन्म निभावला. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती काकूंनी झाकून धरलेली.

काकू गेल्या तेव्हा काकांना दुःखाच्या बरोबरीने ही धास्तीही होती. आता कोणी हिरवा मागितला तर? पण नशीब असे की कोणी मागितलाच नाही. गिऱ्हाइके आपली "चौकड्यांचा शर्ट", "खिशावर शाई सांडलेला" असेच काहीबाही म्हणत. रंगाचे नाव कोणाच्या तोंडून निघेना. देवाची कृपा, असे मनात म्हणत काका गठ्ठे बांधत राहिले, आणि असे करता करता वर्ष होत आले.

मागे राहिली होती ती ही पाटी. दुकानाच्या दारावर काकूंनी लावलेली वेल होती, तिचेच चित्र. आजारपणात सुरू केले आणि वरून खाली निम्मे आणले. मग त्यांच्याने चिमटा धरवेना. "बरं वाटलं की करीन," म्हणाल्या. काकांनी पाटीवर पुठ्ठ्याच्या खोक्याचे झाकण पालथे घातले, ते तसेच. रोज झाकणावरची धूळ पुसायची, पण झाकण उचलायचे नाही.

आणि सोमवारी मुलीचा फोन आला.

"बाबा, आईचे मणी छोटी मागतेय. तुम्ही तरी काय करणार त्यांचं? रविवारी येतेय, तेव्हा घेऊन जाते."

"ने की," काका म्हणून गेले. फोन ठेवल्यावर डोक्यात उजेड पडला. डबा गेला की वेल कायमची अर्धी. आहे तशी इस्त्री करून टाकावी, तर काकूंचे शेवटचे काम अर्धवट म्हणून चिकटवल्यासारखे. ते त्यांच्या हातून होणारे नव्हते. मुलीला नको म्हणावे, तर कारण सांगा. त्यापेक्षा पुरी करू, असे त्यांनी ठरवले.

तसे अवघडही नव्हते. चौकटीच्या कागदावर काकूंनी पेन्सिलीने आखून ठेवले होते: टिंब तिथे पान, फुली तिथे फूल. डबा टेबलावर त्याच जागी. आणि लाल मणी कोणत्या कप्प्यात ते काकांना पाठ होते. काकू उचलता उचलता पुटपुटत असत, "लाल, लाल, आता हिरवा." लाल डावीकडे, त्याला लागून उजवीकडे हिरवा. एवढ्या भांडवलावर काकांनी खिडकीकडची खुर्ची धरली. मान मोडून आली, बोटे आखडली, पण ओळींमागून ओळी भरत गेल्या. कितीतरी दिवसांनी दुपार लवकर सरू लागली होती.

आता शेवटचा मणी बसवायचा आणि नेमक्या शिंपीणबाई आत आल्या. शर्ट खाटेवर टाकून टेबलाशी वाकल्या, आणि काहीच बोलल्या नाहीत. शिंपीणबाई म्हणजे तोंडाच्या फटकळ. असे माणूस गप्प बसले की समजावे, काहीतरी बिघडले आहे.

"काय झालं?" काकांनी मणी बसवला. "वाकडं बसलंय का?"

"नाही हो. ओळीत आहे अगदी. तुमची घडी असते तसं."

"मग?"

"भाऊ, तुमच्यापुढं रंगाचं बोलणार नाही असा वहिनींना शब्द दिलाय मी." त्यांनी पदर उगाच सारखा केला. "पण आता बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. खालची पानं लाल झालीत. आणि फुलं हिरवी."

काकांनी डब्याकडे पाहिले. मग समोरच्या, स्वतःच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिले. तिथून जे डावीकडे, ते इथून उजवीकडे. सगळे समोर बसून शिकलेले, आणि बसले मात्र तिच्या जागेवर. मग शिंपीणबाईंच्या बोलण्यातला आधीचा भाग त्यांच्या ध्यानात आला.

"कसला शब्द?"

"आता काय लपवायचं? शेवटी शेवटी वहिनी पायरीवर बसायच्या बघा. तुम्हाला वाटायचं, उन्हाला बसल्यात."

"उन्हालाच बसायची. डॉक्टरांनीच सांगितलं होतं."

"ऊन कसलं! येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून बसवायच्या. 'ह्यांना रंग सांगू नका. चौकडी सांगा, डाग सांगा, बटण सांगा. आणि मी सांगितलंय हे बोलायचं नाही.' त्या नर्सबाईंना, शाळेच्या सरांना, कोपऱ्यावरच्या न्हाव्याला, सगळ्यांना. सर तर म्हणाले, माझे सगळेच शर्ट बिनचौकडीचे, मी काय सांगू? तर म्हणाल्या, मग एखादं बटण तोडा."

काकांना हसू आले, आणि ते अर्ध्यातच थांबले.

"म्हणजे सगळ्या गल्लीला माहीत आहे."

"सगळ्या गल्लीला."

"हसले असतील लोक."

"वहिनींपुढं? कोणाची टाप होती?"

काकांना आधी लाज वाटली. मग काकूंची आठवण इतकी दाटून आली की चिमटा खाली ठेवावा लागला. वर्षभर ते ज्याला नशीब म्हणत होते, ते आजारी माणसाने पायरीवर बसून, एकेकाला हाक मारून, मण्यासारखे जागच्या जागी बसवून ठेवले होते. आणि घरी विचारले तर म्हणायच्या, ऊन छान पडलंय आज. काकांना काकू या क्षणी समोर हव्या होत्या. रागावायला तरी.

"सरका," शिंपीणबाई डोळे पुसून म्हणाल्या. "मी काढते आणि नीट लावून देते. मला दोऱ्यांमुळं सवय आहे. संध्याकाळपर्यंत होईल."

काका उठले नाहीत. पाटीवर वाकून बघत राहिले. बाहेरची वेल फुलली की काकू त्यांचे बोट धरून फुलावर टेकवीत. "हे इथं. आणि हे, इथं." पानांतले फूल काकांनी कधी डोळ्यांनी असे पाहिलेच नव्हते.

"बाई, तिचं कुठं संपलं आणि माझं कुठं सुरू झालं, ते दिसतं तुम्हाला?"

"दिसतं की. चांगलं ठळक दिसतं. हे इथं."

"मला नाही दिसत," काका म्हणाले. "मला सगळी तिचीच दिसते."

शिंपीणबाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"राहू दे मग," त्या म्हणाल्या. "दुकान मी बघते. तुम्ही इस्त्री आणा."

काकांनी इस्त्री आणली. थेंब टाकून आच पाहिली, कागद अंथरला, आणि तळहाताने पाठ चोळावी तशी गोल गोल, न दाबता, वरून खाली फिरवत आणली. मध्ये कुठे थांबावे लागले नाही. गरम प्लॅस्टिकचा वास खोलीत पसरला. तो वास आला की काकू म्हणत, "झालं का हो?" काकांनी कागदाचे टोक उचलून पाहिले. झाले होते.

रविवारी मुलगी आली आणि डबा, पाटी, चिमटा घेऊन गेली. जाताना दुकानाच्या भिंतीवर टांगलेल्या मण्यांच्या वेलीपाशी थबकली. "बाबा, हे खालचं..."

"ते मी केलं."

बापाच्या खांद्याला हात लावून ती गाडीत बसली.

मग एके दिवशी गल्लीत नव्याने राहायला आलेला एक भाडेकरू दुकानात आला. त्याला कोणी काही सांगितलेले नव्हते.

"काका, माझा हिरवा शर्ट झाला का?"

काका खोकले. सवयीने मान वळवून कान आतल्या खोलीकडे केला. आत टेबल होते आणि दोन खुर्च्या होत्या.

"मला लाल-हिरवं कळत नाही," ते वळून म्हणाले. "लहानपणापासूनच. काही खूण सांगा."

भाडेकरूने भिंतीवरच्या वेलीकडे पाहिले, मग काकांकडे पाहिले.

"डाव्या बाहीचं बटण तुटलंय," तो म्हणाला.

काकांनी शर्ट शोधून काढला. तिसऱ्या खणात होता, वरचाच.